आतड्याचं ऑपरेशन आणि प्रोबायोटिक: कोणतं, कधी, किती, आणि कुणी अजिबात घेऊ नये

नौपाडा_फार्मा | 11 मे, रात्री 9:20

आतड्याचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या पेशंटच्या कागदावर अँटिबायोटिक, ॲसिडिटीची गोळी, दुखण्याची गोळी आणि शेवटच्या ओळीत "प्रोबायोटिक 1-0-1" (पोटासाठी दिलेले जिवंत जंतू, सकाळी एक, रात्री एक) असं लिहिलेलं असतं. जात नाही, मात्रा नाही, किती दिवस ते नाही. मग काउंटरवर जे हाताशी असेल ते दिलं जातं. घरच्यांना वाटतं, दह्यासारखंच काहीतरी आहे, त्याने वाईट काय होणार? हा धागा त्यासाठी काढतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे टोकावं.

दुकानात मिळणारा माल ढोबळमानाने तीन प्रकारचा.

पहिला, बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू. 5 मिलीची छोटी प्लास्टिकची कुपी, नेहमीच्या कुपीत 2 बिलियन बीजाणू. 1 बिलियन म्हणजे 100 कोटी, म्हणजे हे झाले 200 कोटी. बीजाणूंवर जाड कवच असतं, त्यामुळे ते पोटातल्या आम्लात टिकतात, बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाहीत आणि फ्रिजबाहेर राहतात. कुपी हलवून घ्यायची, टोक मोडायचं, लगेच प्यायची. उघडून ठेवायची नाही. ही कुपी इंजेक्शनच्या ॲम्प्युलसारखी दिसते म्हणून स्पष्ट लिहितो: ती तोंडानेच घ्यायची असते. घरी सुई देणारं कुणी येत असेल तर कुप्या इंजेक्शनच्या डब्यात ठेवू नका.

दुसरा, सॅकरोमायसिस बुलार्डी. हा जंतू नाही, यीस्ट आहे. 250 मिग्रॅची कॅप्सूल किंवा सॅशे, साधारण दिवसातून दोनदा. अँटिबायोटिक त्याला मारत नाही, पण फ्लुकोनाझोलसारखं बुरशीविरोधी औषध चालू असेल तर हे घेऊन उपयोग शून्य.

तिसरा, लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम, एकेकटे किंवा मिश्रण. हे नाजूक. यांच्यात आणि अँटिबायोटिकच्या डोसात किमान 2 तासांचं अंतर हवं. गरम दुधात, चहात, वाफाळत्या पेजेत ढवळले तर मेले. बऱ्याच ब्रँडना 2 ते 8 अंश लागतात. मे महिन्यात घोडबंदर रोडवरून बाइकच्या डब्यात तासभर फिरून आलेलं पाकीट त्या तापमानात राहिलेलं नसतं. फ्रिजचा माल असेल तर जवळच्या दुकानातून, बर्फाच्या पॅकसकट स्वतः आणा. कळवा-दिवा भागात वीज जाते तेव्हा दार न उघडता फ्रिज काही तास गारवा धरतो. मात्र दाराच्या कप्प्यात ठेवू नका, मधल्या फळीवर मागे ठेवा.

पाकिटावर काय वाचायचं: कुळ, जात आणि त्यापुढचा वाणाचा क्रमांक किंवा अक्षरं. "लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी" हे पूर्ण नाव झालं. नुसतं "लॅक्टिक ॲसिड बॅसिलस" लिहिलं असेल तर आत नेमकं काय आहे हे कळत नाही. मग आकडा उत्पादनाच्या दिवशीचा की मुदत संपेपर्यंतचा, ते पाहा. एफएसएसएआयच्या 2016 च्या नियमांनुसार प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थात दिवसाच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जंतू लागतात. हा किमान आकडा आहे. त्याच्यावर असलं म्हणजे ऑपरेशननंतर उपयोगी पडेल असं नाही.

शेवटचं, आणि हे कुणी वाचतच नाही: सॅशेत एफओएस किंवा इन्युलिन आहे का? ते जंतूंचं खाद्य. धडधाकट माणसाला ठीक, पण आतड्याच्या ताज्या जोडावर त्याने गॅस धरतो आणि पिशवीवाल्याचं (आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावलेल्याचं) पातळ वाढतं.

---

सर्जन_खारघर | 11 मे, रात्री 10:45

चांगला धागा. ऑपरेशनच्या बाजूने लिहितो.

आतडं कापून जोडलं की ते काही काळ गप्प बसतं. लहान आतडं साधारण 24 तासांत हलायला लागतं, जठर 24 ते 48 तासांत, मोठं आतडं 48 ते 72 तासांत. राउंडला "वारा सरला का?" हा प्रश्न त्यासाठीच असतो. हे लवकर व्हावं म्हणून ज्याचा भरवसा आहे अशा गोष्टी साध्या आहेत: ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून पलंगावरून उठून चालणं, अफूजन्य वेदनाशामकं शक्य तितकी कमी, सलाइनचा पूर येऊ न देणं, सर्जन म्हणेल तेव्हा लगेच थोडं थोडं तोंडाने घेणं. च्युइंग गम चघळल्यानेही मेंदूला जेवण आल्याचा निरोप जातो आणि आतडी हलायला मदत होते. पण गम शुगर-फ्री असेल तर त्यात बहुधा सॉर्बिटॉल असतं, आतड्यात पाणी ओढणारी गोडी. पिशवीवाल्यांनी ते टाळावं.

प्रोबायोटिकबद्दल: मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या आधी काही दिवस आणि नंतर दिल्याने जखमेचा संसर्ग कमी झाला, असं दाखवणारे अभ्यास आहेत. पण ते बहुतेक छोटे, प्रत्येकात वाण वेगळा, दिवस वेगळे, काहींत सोबत फायबर. त्यामुळे "ऑपरेशननंतर सगळ्यांना द्या" असं त्यातून निघत नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2020 च्या मार्गदर्शनातही दोनच गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. अँटिबायोटिक चालू असताना क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा (अँटिबायोटिकमुळे आतड्यात माजणारा जंतू) जुलाब टाळण्यासाठी बुलार्डी आणि काही ठरावीक मिश्रणं. आणि अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी मोठं आतडं काढून लहान आतड्याचा पाऊच केला असेल, तर पाउचायटिससाठी, म्हणजे त्या पाऊचच्या दाहासाठी, आठ वाणांचं मिश्रण. क्रोन्ससाठी (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) मात्र नियमित द्यावं अशी शिफारस नाही. त्या पाऊचवाल्या मिश्रणाची मात्रा अफाट असते. मूळ अभ्यासात दिवसाला 6 ग्रॅम पावडर होती. दुकानातल्या एका कॅप्सूलने तो परिणाम अपेक्षू नये.

"वाईट काय होणार" याचं उत्तर 2008 सालीच मिळालंय. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या 298 पेशंटांवर अभ्यास झाला. सहा वाणांचं मिश्रण नळीतून लहान आतड्यात दिलं. प्रोबायोटिकच्या गटात 16 टक्के दगावले, दुसऱ्या गटात 6 टक्के. प्रोबायोटिकच्या गटात 9 जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. आजार वेगळा होता, मान्य. पण आतड्याचा रक्तपुरवठा आधीच ओढगस्तीला आलेला असताना तिथे करोडो जंतू सोडणं निरुपद्रवी नसतं, एवढं त्यातून पक्कं कळलं.

म्हणून यांना नाही: आयसीयूतला पेशंट, गळ्यात किंवा दंडात सेंट्रल लाइन, पिक लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेला, केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेला, स्टेरॉइडच्या मोठ्या डोसावर किंवा प्रत्यारोपणाच्या औषधांवर असलेला, जोडातून गळतीची शंका असलेला. गळती बहुधा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत उघडी पडते. ताप, नाडी वाढत जाणं, पोट फुगणं, सुरू झालेली भूक पुन्हा जाणं. घरी आल्यावर यातलं काही दिसलं तर "गॅस धरला असेल, प्रोबायोटिक देऊ" म्हणत थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे ऑपरेशन झालं तिथे जा.

---

घोडबंदर_रहिवासी | 11 मे, रात्री 11:10

सर, अँटिबायोटिक संपल्यावर "पोटातले चांगले जंतू परत आणायला" महिनाभर घ्या असं सांगतात. तेही चूक का?

---

सर्जन_खारघर | 11 मे, रात्री 11:32

जुलाब टाळणं आणि जंतू परत आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी काही वाणांचा उपयोग होतो, पण ते अँटिबायोटिक सुरू झाल्यावर पहिल्या 2 दिवसांत सुरू करावे लागतात. शेवटच्या गोळीनंतर सुरू केले तर गाडी सुटलेली असते. दुसऱ्या कामाबद्दल 2018 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेचा अभ्यास आला. निरोगी स्वयंसेवकांना अँटिबायोटिक देऊन नंतर काहींना 11 वाणांचं मिश्रण दिलं, काहींना काहीच दिलं नाही. ज्यांना काही दिलं नाही त्यांचे मूळचे जंतू लवकर परतले. बाहेरून आलेल्यांनी जागा अडवून धरली होती. त्यामुळे अँटिबायोटिक चालू असेपर्यंत आणि वर फार तर आठवडा-दोन आठवडे, एवढं माझ्या मते पुष्कळ.

---

कोपरखैरणे_19 | 12 मे, सकाळी 7:50

मग घरचं दही चालेल का? साधं सरळ.

---

वाशी_आहार | 12 मे, सकाळी 9:15

दही चांगलं अन्न आहे. त्याला औषध समजू नका, एवढंच. विरजणात कोणते जंतू आहेत ते घरागणिक बदलतं. दह्याचा खात्रीचा फायदा म्हणजे त्यातले जिवंत जंतू दुधातली साखर पचवायला मदत करतात. ऑपरेशननंतर काही आठवडे ती साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं, दुधाने पोट डब्ब होतं, तिथे दही-ताक सोसतं. कढी उकळली की जंतू संपले. इडली-डोसा वाफेवर, तव्यावर गेला की तेच. ते मऊ जेवण म्हणून खा, प्रोबायोटिक म्हणून मोजू नका.

ऑपरेशननंतरचं दही वेगळ्या पद्धतीने लावा. अर्धा लिटर दूध नीट उकळा, 40 ते 43 अंशांपर्यंत निवू द्या. थर्मामीटर नसेल तर चमच्यातला थेंब मनगटावर टाका. ऊब लागली पाहिजे, चटका नाही. बोट बुडवायचं नाही. चमचा आणि भांडं उकळत्या पाण्यातून काढलेलं. विरजण सपाट एक छोटा चमचा. सध्याच्या ठाणे-वाशीच्या उकाड्यात 5 ते 6 तासांत लागतं, जानेवारीत रात्र जाते. कवडी धरली की लगेच फ्रिजमध्ये. सकाळी लावून ऑफिसला गेलात आणि संध्याकाळी पाहिलंत तर ते आंबट, पाणी सुटलेलं असणार.

विरजण कुठलं, ते सगळ्यात महत्त्वाचं. वर्षानुवर्षं फिरत आलेल्या विरजणात यीस्ट आणि बाकीचे पाहुणेही असतात. दह्याला तार सुटते, बिअरसारखा वास येतो, कडेला गुलाबी-पिवळा ठिपका दिसतो. असं दही वरचा थर काढून वापरायचं नाही, सगळं फेकायचं. साध्या दह्याचा बंद कप आणून त्याचं ताजं विरजण करा आणि दर आठवड्याला कप बदला. पहिले सहा आठवडे डेअरीतलं सुटं दही, लस्सी, रस्त्यावरचं ताक नको.

सुरुवात कशी: मऊ जेवणाची परवानगी मिळाल्यावर 2 मोठे चमचे दह्याचं पातळ ताक, गाळलेलं, मीठ आणि जिरेपूड. मिरची, आलं, कोथिंबिरीच्या काड्या नाहीत. दोन दिवस पोट आणि संडास बघा. ठीक असेल तर 100, मग 150 मिली, दिवसातून दोनदा. सोबत मऊभात-मेतकूट, सालाच्या मुगाऐवजी पिवळ्या डाळीचं वरण, दुधी किंवा पडवळ बिया काढून, अंडं, काटा काढलेला मासा. प्रथिनं कमी पडली तर जखम भरत नाही, आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं: महिनाभर पेज आणि साबुदाण्याची खीर. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 70 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट वरणात 6-7 ग्रॅमच असतात, तेव्हा हिशोब करा.

केमो चालू असेल तर घरचं दहीसुद्धा ऑन्कॉलॉजिस्टला विचारून.

---

दिवा_पूर्व | 12 मे, दुपारी 1:05

वडील 66. तीन आठवड्यांपूर्वी इलिओस्टॉमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी). पिशवीत सगळं पाण्यासारखं. रोज 3 लिटर पाणी, 3-4 नारळपाणी, मधेमधे टेट्रापॅकमधलं गोड ओआरएस देतोय. प्रोबायोटिकचे 2 सॅशे. तरी वाढतंच आहे आणि थकवा खूप. प्रोबायोटिक बदलू का?

---

स्टोमा_सिस्टर_कळवा | 12 मे, दुपारी 1:40

दादा, प्रोबायोटिक बाजूला ठेवा. आधी हे सांगा: 24 तासांत किती मिली? अंदाज नको. किराणा दुकानात 1 लिटरचा खुणा असलेला प्लास्टिकचा जग मिळतो. पिशवी एक-तृतीयांश भरली की त्यात रिकामी करा, आकडा आणि वेळ लिहा, सकाळी 7 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 7. लघवीही वेगळ्या जगात मोजा. लघवी दिवसाला 800 मिलीच्या खाली, तोंड कोरडं, उभं राहिलं की चक्कर, पायात गोळे, यातलं काही असेल तर मोजत बसू नका. आजच दवाखान्यात न्या, सलाइन आणि रक्तातलं सोडियम, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम लागेल. लघवीतलं सोडियमही करायला सांगा. स्वस्त तपासणी आहे. ते 20 च्या खाली असेल तर अंगात मीठ उरलेलं नाही असं समजतात.

---

दिवा_पूर्व | 12 मे, दुपारी 2:20

कालचं साधारण 1800 झालं. उभं राहिलं की गरगरतं. निघतोय.

---

स्टोमा_सिस्टर_कळवा | 12 मे, रात्री 8:30

बाकीच्यांसाठी लिहून ठेवते, कारण ही चूक घरोघरी होते.

इलिओस्टॉमी बसली की दिवसाला 500 ते 1000 मिली, पेजेसारखं दाट, हे ठीक. 1500 च्या वर गेलं की जास्त. अशा वेळी साधं पाणी जितकं पाजाल तितकं पिशवीत जास्त येतं, हे घरच्यांना पटत नाही. कारण असं: लहान आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर गळकं असतं. आत आलेल्या पाण्यात मीठ कमी असेल तर शरीर स्वतःचं मीठ आतड्यात सोडतं आणि मिठामागे पाणी जातं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, म्हणजे तीच गत. उसाचा रस, सरबत, फळांचा रस यांतली साखर पाणी ओढून आणते. म्हणून पाणी, चहा, नारळपाणी, रस हे सगळं मिळून दिवसाला 500 मिली ते फार तर 1 लिटर. उरलेली तहान मिठाच्या द्रावणावर.

ते द्रावण, 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात: ग्लुकोज 20 ग्रॅम, मीठ 3.5 ग्रॅम, खाण्याचा सोडा 2.5 ग्रॅम. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलचं हे प्रमाण आहे, लिटरला साधारण 90 मिलीमोल सोडियम. ग्लुकोज साधी, चवीची नाही. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नाही. चमच्याने मोजू नका. आपल्याकडे "छोटा चमचा" म्हणजे कुणाचा चहाचा, कुणाचा मसाल्याच्या डब्यातला. शिगेचा भरला तर मीठ दुप्पट होतं. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या, एकदम सात दिवसांच्या पुड्या बांधा, मीठ-सोडा एकीत, ग्लुकोज दुसरीत. गार करून घोट-घोट, दिवसभर, जेवणासोबत गटागटा नाही. चव खारट, अश्रूंसारखी लागली पाहिजे. 24 तासांनी उरलेलं ओता. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

डब्ल्यूएचओचं ओआरएस पाकीट वेगळं. त्यात लिटरला 75 मिलीमोल सोडियम. काही डॉक्टर तेच देतात, चालतं. पण पाकीट 1 लिटरचं की 200 मिलीचं ते बघा. मोठं पाकीट एका ग्लासात टाकलं तर घात. आणि टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने प्रमाणात न बसणाऱ्या पेयांच्या नावातून "ओआरएस" काढायला लावलं ते याचसाठी. घरात जुनं पाकीट असेल तर मागची सोडियमची ओळ वाचा.

मग लोपेरामाइड (आतड्याची चाल मंदावणारं औषध), डॉक्टर देतील तेवढंच, जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं. जेवल्यावर घेतलं तर जेवण निघून गेल्यावर दार लावल्यासारखं. ताप, रक्त, पोटात मुरडा असेल तर मात्र आधी संडासची तपासणी. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल असेल तर लोपेरामाइडने नुकसान होतं. अख्ख्या गोळ्या किंवा कॅप्सूल पिशवीत येताना दिसल्या तर तसं सांगा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या इलिओस्टॉमीत अंगी लागत नाहीत.

उलटही लक्षात ठेवा: 4 ते 6 तास पिशवीत काहीच नाही, कळा येतात, मळमळ, स्टोमा (पोटावरचं आतड्याचं तोंड) सुजलेला, तर अडकलंय. मका, ओलं-सुकं खोबरं, मटकीची सालं, शेवग्याचा चोथा, संत्र्याची फोड न चावता गिळलेली, हे नेहमीचे गुन्हेगार. रेचक द्यायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

---

नौपाडा_फार्मा | 12 मे, रात्री 9:05

सिस्टर, लाखमोलाचं. यात एक भर: पातळ औषधं. पॅरासिटामॉलचं सिरप, खोकल्याचं सिरप, काही अँटासिड यांत सॉर्बिटॉल असतं. गिळायला त्रास म्हणून गोळीऐवजी सिरप केलं आणि पिशवीतलं वाढलं, हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

---

नेरुळ_पश्चिम | 13 मे, सकाळी 8:10

आईला केमो पोर्ट (औषध थेट शिरेत सोडायची डबी) आहे. पोर्ट छातीत, त्वचेखाली. बुलार्डीचं सॅशे तोंडाने घेतलं तर पोर्टशी काय संबंध?

---

स्टोमा_सिस्टर_कळवा | 13 मे, सकाळी 8:55

संबंध हातांचा, ताई. सॅशे फाडलं की ती पावडर हवेत उडते, बोटांना, चादरीला लागते. त्याच हाताने लाइनच्या तोंडाला स्पर्श झाला की यीस्ट सरळ रक्तात. असं होऊन रक्तात यीस्ट वाढल्याच्या नोंदी आहेत, शेजारच्या पलंगावरच्या पेशंटलाही. म्हणून सेंट्रल लाइन असलेल्याला हे द्यायचं नाही आणि त्याच्या खोलीत ते पाकीट फोडायचंही नाही. पोर्टला सुई लावलेली असते तेव्हा तर मुळीच नाही. सुरू असेल तर आजच ऑन्कॉलॉजीच्या टीमला फोन करून सांगा.

---

ऐरोली_सेक्टर8 | 13 मे, दुपारी 12:30

गुदाशयाचा भाग काढून पिशवी बंद केली, दोन महिने झाले. दिवसातून 10-12 वेळा, तासात तीन-चारदा थोडं थोडं. दोन प्रोबायोटिक झाली. फरक नाही.

---

सर्जन_खारघर | 13 मे, दुपारी 3:15

हा जंतूंचा प्रश्न नाही, जागेचा आहे. गुदाशय ही साठवणीची कोठी. तीच काढली की येईल ते दारात उभं राहतं. सुधारणा होते, पण वर्षभर, कधी जास्त लागतं. उपयोगी पडतं ते असं: इसबगोल 1 छोटा चमचा, फक्त अर्धा कप पाण्यात, जेवणाच्या जरा आधी, आणि त्यावर लगेच पाणी न पिणं. इथे त्याने पातळ धरून ठेवायचं असतं. बद्धकोष्ठाला घेतो तसं दोन ग्लास पाण्यासोबत घेतलं तर उलट काम होईल. पण आधी सर्जनने बोटाने किंवा दुर्बिणीने जोड तपासून अरुंद झालेला नाही याची खात्री केली पाहिजे. अरुंद जोडावर इसबगोल म्हणजे बूच. त्यानंतर गरजेप्रमाणे लोपेरामाइड, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, आणि तरी जमेना तर गुदमार्गे पाण्याने धुण्याची पद्धत शिकवतात. जागा सोलवटली असेल तर कागदाने पुसणं बंद, पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचा थर.

तसंच लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि पिवळट, जळजळणारे पाणीदार जुलाब होतात. त्यावर कोलेस्टिरामाइनची पावडर असते, प्रोबायोटिक नाही. आणि शेवटचे 60 सेंमीपेक्षा जास्त गेले असतील तर बी-12 कायमचं, इंजेक्शनने. डिस्चार्ज कार्डावर किती सेंमी काढलं ते लिहिलेलं असतं. तो कागद लॅमिनेट करून ठेवा.

---

पनवेल_आदई | 13 मे, रात्री 10:20

सर, सेंमीवरून विचारतो. आत्याचं बरंच लहान आतडं काढलं, दीड मीटर उरलं, मोठं आतडं जोडलेलं आहे. जेवणानंतर तासाभरात बोलणं जड होतं, झोकांड्या जातात. नंतर बरं वाटतं. मेंदूचा स्कॅन स्वच्छ. लॅक्टेट नॉर्मल. लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल दिवसाला तीन.

---

सर्जन_खारघर | 13 मे, रात्री 10:34

कॅप्सूल आत्ता बंद. उद्यावर टाकू नका, तिला दवाखान्यात न्या आणि "डी-लॅक्टिक ॲसिडोसिस" हे शब्द डॉक्टरांना सांगा. लहान आतडं तोकडं, मोठं शाबूत, अशा वेळी न पचलेली साखर-भात मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले लॅक्टोबॅसिलस त्याचं डी-लॅक्टेट करतात, ते मेंदूवर चढतं. दारू प्यायल्यासारखी लक्षणं, आणि जास्त पिष्टमय जेवणानंतरच. नेहमीची लॅक्टेटची तपासणी फक्त एल-लॅक्टेट मोजते, म्हणून ती नॉर्मल येते आणि सगळे फसतात. लक्षणं चालू असताना रक्तातला आम्लपणा आणि ॲनायन गॅप (रक्तातल्या क्षारांवरून काढलेला आकडा) बघायला सांगा, डी-लॅक्टेट वेगळं पाठवावं लागतं. थायमिनची (बी-1 जीवनसत्त्व) कमतरताही अशीच दिसते, तेही द्यायला हवं का ते विचारा. आज रात्री गोड, भात, फळांचा रस काही नको.

---

पनवेल_आदई | 14 मे, सकाळी 11:50

नेलं. रात्री जेवणानंतर पुन्हा झालं होतं, तेव्हाच रक्त घेतलं. आम्लपणा वाढलेला निघाला, ॲनायन गॅपही. डी-लॅक्टेटचा नमुना बाहेर पाठवलाय. थायमिन सुरू केलं. सर, मनापासून आभार.

---

दिवा_पूर्व | 15 मे, रात्री 9:10

वडील घरी आले. सलाइन, मॅग्नेशियम दिलं. सोडियम 128 होतं. नारळपाणी बंद, द्रावण 1 लिटर, साधं पाणी मोजून 700 मिली. लोपेरामाइड जेवणाआधी. आजचं 24 तासांचं 1150, आणि पेजेसारखं. सॅशेत एफओएस होतं, ते बंद केलं. पुन्हा सुरू करायचं का, आणि कधी?

---

स्टोमा_सिस्टर_कळवा | 15 मे, रात्री 9:45

बरं वाटलं ऐकून. सॅशेची घाई नको. अँटिबायोटिक चालू नाही, तर सध्या त्याचं कामही नाही. सलग सात दिवस 1000 च्या आत आलं की मऊभातासोबत वाशी_आहार ताईंनी सांगितलेलं ताक, 2 चमच्यांपासून. ते 700 मिलीत धरायचं. एका वेळी एकच नवीन पदार्थ, दोन दिवसांचं अंतर. तक्त्यात चार रकाने करा: वेळ, पिशवीतलं मिली, लघवीचं मिली, नवीन काय खाल्लं. उकाड्यात घाम गेला तर द्रावण थोडं वाढवावं लागेल, पण ते डॉक्टरांशी बोलून. रोज सकाळी, पिशवी रिकामी करून, वजन. दोन दिवसांत 2 किलो उतरलं तर ते पाणीच गेलंय, थेट फोन करा. तक्ता फ्रिजच्या दाराला लावा आणि ओपीडीला जाताना काढून सोबत न्या. तिथे पहिला प्रश्न त्यावरचाच असेल.